एका जर्मन खेड्याची पत



आपल्या गावात सोसायटीची कचेरी असते. बहुधा चावडीच्या शेजारी, नाहीतर शाळेच्या मागे. दारावर रंग उडालेली पाटी, आत सेक्रेटरींचे टेबल. पीककर्जासाठी आपण तिच्या पायऱ्या चढतो, पण ही सोसायटी आली कुठून, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. आमच्या गावातले एक म्हातारबाबा म्हणायचे, "सरकारनं आणली, आणखी कुणी?" ते अर्धे खरे आहे. कायदा सरकारने केला. पण ज्या नमुन्यावरून तो बेतला, तो नमुना जर्मनीतल्या एका गरीब मुलखातल्या खेड्यांनी घडवला होता. आणि त्याची सुरुवात झाली उपासमारीच्या एका हिवाळ्यात, पाव भाजण्याच्या भट्टीपाशी.

जर्मनीच्या पश्चिमेला ऱ्हाईन ही मोठी नदी वाहते. तिच्या पूर्वेकडच्या डोंगराळ पठाराला वेस्टरवाल्ड म्हणतात. तिथे वायरबुश नावाचे खेडे आहे. हवा थंड, पाऊस फार आणि जमीन हलकी. गव्हाची ऐट तिथे चालायची नाही. राय म्हणून गव्हाच्या जातीचे एक धान्य असते, त्याचे पीठ काळसर. त्या रायचा पाव आणि बटाटा यांवर शंभर-दोनशे वर्षांपूर्वी तिथला शेतकरी जगत असे. घरे लाकडाच्या चौकटीची, मधल्या भिंती मातीने लिंपलेल्या. एखाददुसरी गाय असली म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी म्हणायचे. ती दूध देई, खत देई आणि वेळ पडली तर नांगरालाही जुंपली जाई.

जर्मनीतल्या पुष्कळ खेड्यांत तेव्हा गावाची मिळून एक भट्टी असे. घरोघर भट्टी पेटवली तर आगीचे भय आणि लाकूडफाटाही फार लागतो, म्हणून गावाने एकच दगडी भट्टी बांधायची आणि पाळीपाळीने पाव भाजायचा. यात एक गंमत होती. पहिली पाळी ज्याची, त्याला थंडगार भट्टी तापवायला सर्वांत जास्त लाकूड जाळावे लागे. मागून येणाऱ्यांना ती आयती तापलेली मिळे. मग पहिला कोण, यावरून भांडण होऊ नये म्हणून कित्येक गावांत चिठ्ठ्या टाकीत. आपल्याकडे पाटाच्या पाण्याची पाळी लावतात ना, त्यातलाच हा प्रकार. पाणी काय किंवा विस्तव काय, वाटून घ्यायचे म्हटले की नियम लागतो, आणि नियम पाळायला शेजाऱ्याचा डोळा लागतो.

१८४५ साली या वायरबुशला एक तरुण महापौर आला. महापौर म्हटले म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढे मोठे शहर येईल. तसे नव्हे. आसपासच्या वीसेक खेड्यांचा कारभार पाहणारा तो प्रशियाच्या राज्याचा अधिकारी. त्याचे नाव फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन. जन्म १८१८ सालचा, जवळच्याच हाम गावचा. नऊ भावंडांतला सातवा. शाळा थोडी झाली, पुढचे शिक्षण गावच्या धर्मोपदेशकाने दिले. तोफखान्यात नोकरी धरली, पण डोळ्यांनी दगा दिला म्हणून ती सोडून मुलकी खात्यात आला. वयाच्या सत्ताविशीत त्याच्यावर वायरबुशचा भार पडला.

आणि लागलीच काळ फिरला. बटाट्यावर करप्याचा रोग त्या वर्षी युरोपभर पसरला. पुढच्या वर्षी, १८४६ साली, रायचे पीकही बुडाले. हिवाळ्यात धान्य सोन्याच्या भावाने विकू लागले. सरकारी कोठारातून पीठ आले खरे, पण सोबत हुकूम आला: रोख पैसे देईल त्यालाच द्यावे. आता ज्याच्याजवळ रोख पैसे आहेत तो कशाला उपाशी मरतो? रायफायझनने हुकुमाचा कागद बाजूला ठेवला. गावातल्या बऱ्या स्थितीतल्या लोकांना त्याने एकत्र केले, त्यांच्याकडून पैसा उभा केला, 'वायरबुशचा पाव-संघ' स्थापला आणि गावात भट्टी बांधून पाव भाजायला सुरुवात केली. ज्याला पाव न्यायचा त्याने न्यावा आणि पीक आले की पैसे फेडावेत. या पावाचा भाव बाजारभावाच्या जवळपास निम्मा पडला. पुढे पेरणीसाठी बियाणे आणि बटाटेही याच संघाने पुरवले. गरिबाला उधार दिले तर ते बुडते, ही जगाची ठाम समजूत. पण वायरबुशच्या लोकांनी आपली देणी फेडली.

इथे थोडे थांबून मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. रायफायझनची चरित्रे वाचताना असे वाटते की सगळे त्याला पहिल्या दिवसापासून उमगलेले होते. तसे मुळीच नव्हते. हा मनुष्य सुमारे वीस वर्षे चाचपडत होता, आणि मला तर त्याचे चाचपडणेच अधिक शिकण्यासारखे वाटते.

१८४८ मध्ये त्याची बदली फ्लामर्सफेल्टला झाली. तिथे भुकेपेक्षा सावकारी मोठी होती. शेतकऱ्याने गाईसाठी कर्ज काढावे, व्याज थकावे, गाय जावी, पाठोपाठ शेत जावे. हा पाढा आपल्याला नवा नाही. १८४९ साली त्याने तिथे साह्यसंघ काढला. गावातल्या साठेक सधन माणसांनी मिळून जामीनकी घेतली, त्या जामीनकीवर कर्ज उभे राहिले, आणि संघाने गुरे विकत घेऊन गरीब शेतकऱ्यांना हप्त्यांनी द्यायला सुरुवात केली. पुढे १८५२ मध्ये तो ऱ्हाईनकाठच्या हेडेसडॉर्फला आला. तिथेही १८५४ साली असाच एक संघ काढला. अनाथ मुलांची सोय, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, वाचनालय असे पुष्कळ काही त्याने त्याच्या गळ्यात घातले.

मग काय झाले? जे व्हायचे तेच. सधन लोकांचा उत्साह हळूहळू ओसरला. त्यांना स्वतःला कर्जाची गरज नव्हती. धोका मात्र सगळा त्यांचा. दयेवर चालणारी संस्था दयाळू माणूस थकला की बसते. धर्मबुद्धीचा रायफायझन ही गोष्ट कबूल करायला सहजी तयार नव्हता. पण अखेर १८६४ साली त्याने जुना संघ मोडून हेडेसडॉर्फची कर्जपेढी उभी केली. तिचा मुख्य नियम असा की ज्याला कर्ज हवे त्याने आधी सभासद व्हावे. देणारे वेगळे आणि घेणारे वेगळे, हा भेदच गेला. घेणाराच जामीन झाला.

आणि ही जामीनकी अमर्याद होती. म्हणजे पेढी बुडाली तर सभासदाने घातलेल्या भागापुरतेच नुकसान होईल असे नाही. घरदार, शेत, गुरे, सगळ्यानिशी प्रत्येकजण सगळ्यांच्या कर्जाला बांधलेला. ऐकून छातीत धस्स होते ना? पण याच एका कलमातून बाकीचे नियम आपोआप निघाले. एकमेकांची चूल ठाऊक असलेल्या लोकांतच असली जामीनकी घेता येते, म्हणून पेढीचा पसारा एकदोन गावांपुरता. तुझे कर्ज बुडले तर माझे शेत जाणार, म्हणून गाईसाठी काढलेला पैसा गाईलाच लागला की गुत्त्यात गेला, हे शेजारी पाहणार. पंचांना पगार नाही. हिशेबनीसाला तेवढा मोबदला. नफा वाटायचा नाही, गंगाजळीत टाकायचा, आणि ती गंगाजळी कोणी कधी वाटून घ्यायची नाही. गुरुजनहो, हिशेबाची वही कित्येक गावांत शाळामास्तरच लिहीत. गावात स्वच्छ अक्षर आणि त्रैराशिक येणारा माणूस दुसरा कोण असणार?

हे सगळे रायफायझनने १८६६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. पत्नी १८६३ मध्ये वारली होती. थोरली मुलगी अमाली त्याच्यासाठी वाची आणि लिही. पुस्तक गावोगाव गेले आणि पेढ्या निघत गेल्या. १८८८ मध्ये हेडेसडॉर्फलाच त्याचे निधन झाले.

आता आपल्याकडे या. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, हे तुम्ही इतिहासात वाचले आहे. कर्जाचा हा गुंता कसा सोडवावा याचा विचार इंग्रज सरकार पुढे कित्येक वर्षे करीत होते. मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातल्या पेढ्या अभ्यासून अहवाल दिला. त्याचे सार इतकेच की हिंदुस्थानाला एखादा रायफायझन शोधावा लागेल. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि खेड्यातल्या सोसायटीला अमर्याद जबाबदारीचे तेच कलम लागले. १९०५ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, धारवाडकडच्या कणगिनहाळ गावी, अशी सोसायटी नोंदली गेली.

पण बी तेच असले तरी जमीन वेगळी होती. तिकडे गावाने पेढी काढली आणि कायदा मागून आला. इकडे कायदा आधी आला. बड्या शेतकऱ्याला कुळाच्या कर्जापायी आपले शेत टांगणीला लावायचे नव्हते, म्हणून तो लांबच राहिला, आणि गरिबांनी गरिबांना जामीन राहून भांडवल ते किती उभे राहणार? १९५४ मध्ये गोरवाला समितीचा ग्रामीण पतपाहणीचा अहवाल आला. धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते. मोठ्या सोसायट्या, मर्यादित जबाबदारी आणि सरकारचे भागभांडवल, अशी शिफारस समितीने केली. ती चूक होती असे मी म्हणणार नाही. पैसा वाढला आणि तो हवाच होता. पण शेजाऱ्याच्या कर्जाकडे डोळा ठेवण्याचे सभासदाला जे कारण होते, ते तिथे सुटले. वार्षिक सभेला अहवाल वाचला जातो, चहा होतो आणि थकबाकीदारांची यादी ऐकताना कोणाची मान वळत नाही, हे तुम्ही-आम्ही पाहतोच.

जर्मनीतही त्या खेड्यातल्या पेढ्या आज तशा उरलेल्या नाहीत. एकीत एक मिळून त्या मोठ्या झाल्या. १९७० च्या सुमारास तिथे अशा सहकारी बँका सात हजारांच्या आसपास होत्या. २०२४ च्या अखेरीस सातशेच्याही आत आल्या. मास्तरांच्या हातची वही गेली, यंत्रे आली.

एक गोष्ट सांगायची राहिली. वायरबुशला असताना रायफायझनने एका रस्त्याचे काम हाती घेतले होते. पठारावरचा माल ऱ्हाईनकाठच्या बाजारात जायला धड वाट नव्हती आणि चिखलात गाड्या रुतत. हा रस्ता वायरबुशहून फ्लामर्सफेल्टवरून नदीकडे उतरतो. त्याची बदलीही याच वाटेने, एकेका गावाने, खाली सरकत गेली. आज त्या रस्त्याला त्याचेच नाव आहे.