आत असताना दावा कसा लावायचा
(पिंपरी पेंढारच्या बैठकीत केलेलं भाषण)



जंगलाच्या केसवर आज आम्ही बोलणार नाही. माणूस आत गेल्यावर मागं जमिनीचं काय होतं, ते बोलायचंय.

आपला एक साथी आठ महिने आत होता. जामिनावर सुटून आला तर शेजाऱ्यानं बांध फोडून त्याचं खाचर नांगरलेलं. वकील म्हणाला, कब्जा जाऊन सहा महिने उलटले, सोपा दावा गेला. साथी म्हणाला, अहो मी आत होतो! पण मुदतीचा कायदा ते धरत नाही. अज्ञान मुलाला सवलत आहे, वेड्याला आहे, कैद्याला नाही.

हा सोपा दावा म्हणजे 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम 6. कब्जा आपला होता आणि जबरीनं काढला, एवढंच शाबीत करायचं. मालकी कोणाची, ते त्यात बघत नाहीत. मुदत टळली की मालकीचा दावा उरतो, त्यात कागद लागतात अन् वर्षं जातात. सरकारवर मात्र कलम 6 चालत नाही. वनखात्यावर दिवाणी दावा करायचा तर आधी कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

म्हणून "सुटला की बघू" हे म्हणायचं नाही. वकीलपत्र आणि दाव्याचा कागद तुरुंगात नेऊन, तिथल्या अधिकाऱ्यासमोर सही-अंगठा घ्यायचा. मागं घरची बाई स्वतः कसत असेल, तर तिच्या नावानं दावा बसतो का, ते वकिलाला पहिलं विचारायचं. वकिलाला पैसे कुठून आणू, असं कोणी म्हणू नका. 1987 च्या कायद्यानं आदिवासीला फुकट वकील मिळतो, कोठडीतल्यालाही मिळतो. उत्पन्नाची अट नाही.

दावा जुन्नरच्या कोर्टात, आंबेगावकरांचा घोडेगावला. त्याच दिवशी मनाई हुकुमाचा अर्ज द्या, नाहीतर निकालापर्यंत पीक तोच नेणार. पुढं समन्स, समोरच्याची कैफियत, मग कोर्ट मुद्दे काढतं. हे सगळं वकिलामार्फत होतं, आपल्या माणसाला आणावं लागत नाही.

अडतं ते जबानीला. दिवाणी कायद्यात तुरुंग कोर्टापासून 25 किलोमीटरपेक्षा लांब असेल, तर कमिशननं जबानी भागणार नाही अशी खात्री पटल्याशिवाय कोर्ट कैद्याला बोलवत नाही. येरवडा तर त्याहून कितीतरी लांब. तेव्हा कमिशन मागा, तुरुंगात जाऊन जबानी घेतात. आणायचाच ठरला तर खर्च आधी कोर्टात भरावा लागतो.

कैद्याचं कोण ऐकतं, असं वाटतं ना? प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथं त्यांनी अणूवर मराठीत पुस्तक लिहिलं. सरकार ते बाहेर पाठवू देईना. ते आतूनच हायकोर्टात गेले अन् जिंकले. सरकारनं अपील केलं, ते 1965 साली सुप्रीम कोर्टानं फेटाळलं. तो रिट अर्ज होता, आपला जमिनीचा दावा. पण दार आतूनही ठोठावता येतं.

ज्यांच्या घरचं माणूस आत आहे त्यांनी थांबा. सातबारा दाखवा, आणि कब्जा कोणत्या दिवशी गेला ती तारीख आत्ताच लिहून घेऊ.