शनिवार-रविवारचे पाहुणे
(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला आज 'माझा जर्मनीचा प्रवास' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे. मी मॅट्रिक होऊन पुढे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतलेला प्राथमिक शाळेतला शिक्षक. सारा जन्म बिरसी आणि आसपासच्या गावांतील मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात गेला. तेव्हा विद्वत्तापूर्ण प्रवासवर्णनाची अपेक्षा आपण माझ्याकडून करू नये. तेथील राजवाडे व किल्ले मी पाहिले खरे. परंतु त्यांची माहिती पुस्तकांत माझ्यापेक्षा चांगली मिळेल. मी तेथे विशेष काय पाहिले असे कोणी विचारल्यास मी म्हणेन की, माणसे एकमेकांकडे पाहुणी कशी जातात ते पाहिले. त्याविषयीच दोन शब्द सांगतो.

माझा मुलगा स्टुटगार्ट शहरी अभियंता आहे. त्याने व सूनबाईंनी आग्रह केल्यावरून २०२३ च्या मे महिन्यात मी तिकडे गेलो. पाहुण्या माणसाला त्या देशी नव्वद दिवस राहता येते. तेवढे मी राहिलो. आमच्या बिरसीला विमानाचे नवल नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी आमच्या शिवारात धावपट्टी केली, आणि २०२२ च्या मार्च महिन्यात तेथून प्रवासी विमानही उडाले. तरी आयुष्यभर विमाने खालूनच पाहिलेल्या माणसाने वयाच्या पासष्टीत प्रथम आत पाऊल टाकले, तेव्हा छाती धडधडली हे कबूल केले पाहिजे.

स्टुटगार्टला पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी माझी दृष्टी स्वयंपाकघरातील भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेकडे गेली. तीवर प्रत्येक शनिवार-रविवारच्या चौकोनात रंगीत पेन्सिलीने काहीतरी लिहिलेले होते. म्युनिचला सूनबाईंची मावसबहीण. फ्रँकफुर्टला माझाच एक जुना विद्यार्थी. आखेनला आमचा पुतण्या, तो तेथे शिकत आहे. उल्मला मुलाचा साकोलीकडचा मित्र. हायडेलबर्गला कोणाच्या तरी बाळाचे बारसे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच जुलैअखेरपर्यंतचे बहुतेक चौकोन भरून गेले होते! मी मुलास म्हणालो, "अरे, पाहुण्याला तिथी नसते म्हणून तर त्याला अतिथी म्हणतात. तुम्ही तर त्याचे वेळापत्रक करून ठेवले आहे." तो हसला आणि म्हणाला, "बाबा, येथे वेळापत्रक केले नाही तर पाहुणाच उरत नाही."

हे वाक्य तेव्हा मला रुचले नाही. सोमवार ते शुक्रवार ही दोघे सकाळी घर सोडीत, ती सायंकाळी परतत. चार वर्षांची नात बालवाडीत. शुक्रवारी सायंकाळी पिशव्या भरावयाच्या, शनिवारी पहाटे गाडी धरावयाची, दुपारी कोणाच्या तरी दारात उभे राहावयाचे, रात्र काढावयाची आणि रविवारी रात्री थकून घरी यावयाचे. सोमवारी पुन्हा काम. तेरा आठवड्यांपैकी नऊ शनिवार-रविवार आम्ही असे गाड्यांत आणि दुसऱ्यांच्या घरी काढले. विश्रांतीचा दिवस तो हाच काय, असे मी मनात म्हणत असे.

या धावपळीला त्या देशाची व्यवस्थाही कारण आहे. रविवारी तेथे दुकाने बंद असतात. रेल्वेस्थानकातील व पेट्रोलपंपावरील दुकाने सोडली तर साखरेचा दाणा मिळावयाचा नाही. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून १९१९ सालच्या त्यांच्या राज्यघटनेत लिहिला गेला आणि १९४९ च्या घटनेतही ते कलम तसेच ठेवण्यात आले. त्या दिवशी भिंतीला खिळा ठोकावयाचा नाही, गवत कापण्याचे यंत्र चालवावयाचे नाही, काचेच्या रिकाम्या बाटल्यादेखील सार्वजनिक पेटीत टाकावयाच्या नाहीत; आवाज होतो म्हणून! मग माणसाने करावे काय? एकतर रानात फिरावयास जावे, नाहीतर कोणाच्या घरी जावे.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. उल्मच्या चर्चचा मनोरा १६१ मीटरांहून उंच आहे आणि २०२५ सालापर्यंत तो साऱ्या जगातील चर्चच्या मनोऱ्यांत सर्वांत उंच होता. त्याला ७६८ पायऱ्या. मी निम्म्यावर बसलो. मुलाच्या मित्राने सांगितले की, याचे काम १८९० साली पूर्ण झाले. मला लगेच आठवले की, १८९० च्याच जून महिन्याच्या १० तारखेला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आपण रविवार म्हणजे साहेबाने दिलेली देणगी समजतो. वस्तुतः तो आपल्या माणसाने झगडून मिळविलेला आहे. तो मिळाल्यावर आपण त्याचे काय करतो, हा प्रश्न निराळा.

प्रवासाला पैसा किती लागत असेल, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. त्याच मे महिन्याच्या पहिल्या तारखेपासून तेथे एक नवीन मासिक तिकीट सुरू झाले होते. ४९ युरो भरले की महिनाभर साऱ्या देशात जलद गाड्या सोडून कोणत्याही साध्या रेल्वेगाडीत, ट्राममध्ये व शहरी बसमध्ये बसावे. पुढे त्याचा दर वाढला. २०२५ च्या जानेवारीत तो ५८ युरो झाला. परंतु आमच्या वेळी ते नवे व स्वस्त होते, म्हणून गाड्या तुडुंब भरत. आखेनला जाताना आम्ही तीन वेळा गाडी बदलली. एक गाडी उशिरा आली, पुढची चुकली आणि एका लहानशा स्थानकावर तासभर बसावे लागले. जर्मनीत घड्याळे गाड्यांकडे पाहून लावतात, असे मी वर्गात मुलांना सांगत आलो होतो. ते विधान मी या व्यासपीठावरून मागे घेतो. त्या फलाटावर सूनबाईंनी पोळ्यांचा डबा उघडला, मी घरून नेलेली जवसाची चटणी निघाली, आणि मला आमच्या लहानपणच्या गोंदिया-बालाघाट छोट्या गाडीची आठवण झाली. अडीच फुटी रुळांवरून ती डुलत चाले, आणि डब्यात शेजारी बसलेला माणूस उतरेपर्यंत नातेवाईक निघत असे.

फ्रँकफुर्टचा प्रसंग मात्र माझ्या मनाला लागला. तो विद्यार्थी माझ्या हाताखाली तिसरी-चौथी शिकलेला. आम्ही जाण्याच्या दोन दिवस अगोदर त्याचा दूरध्वनी आला. कुशल विचारून झाल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, रविवारी आपण किती वाजता निघणार?" आपल्याकडे पाहुणा येण्यापूर्वीच त्याच्या जाण्याची वेळ विचारणे म्हणजे त्याला दारातून परत पाठविणे होय. मी दिवसभर कोणाशी धड बोललो नाही. जाऊ नये असेही मनात आले. शेवटी गेलो. त्याने स्वतःची खाट मला दिली आणि आपण स्वयंपाकघरात जमिनीवर निजला. झुणका आणि भात स्वतः रांधला. मी खोलीत आलो की हा तीस वर्षांचा गृहस्थ वर्गातल्यासारखा उठून उभा राही. रविवारी निघताना कळले की, त्याने आमची जाण्याची वेळ विचारली ती गाडीच्या अगोदर बरोबर अर्धा तास शिल्लक राहील अशा बेताने मला नदीकाठी फिरवून आणता यावे म्हणून. सोमवारी सकाळी सातला त्याला कामावर हजर व्हावयाचे होते. त्याच्याजवळ असलेले दोन दिवस त्याने तासातासाने मोजून सर्वच्या सर्व मला दिले होते, आणि मी रुसून बसलो होतो.

गाडीत बसल्यावर मी विचार करू लागलो. आपल्याकडे पाहुणपणाला वेळापत्रक नव्हते, हे तरी खरे काय? दिवाळी झाली, धान कापून झाले की गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाच्या मंडईचा दिवस ठरलेला; एका गावची आज, तर शेजारच्या गावची उद्या किंवा परवा. कारण एकच की, एका गावच्या माणसांना दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जाता यावे. दिवसा बाजार, रात्री दंडार किंवा नाटक, आणि त्या गर्दीत लेकी भेटतात, सोयरीक जुळते. आमचे वडील मंडईचे दिवस बोटांवर मोजून ठेवीत. सूनबाई पेन्सिलीने लिहितात, एवढाच काय तो फरक! काल धानाच्या हंगामाने बांधलेला होता, आज तो आठवड्याने बांधलेला आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगावी की न सांगावी, याचा मी बराच विचार केला.

मुलाच्या इमारतीत खालच्या मजल्यावर ऐंशी वर्षांच्या एक जर्मन आजीबाई राहत. त्या भागात जिना झाडण्याची पाळी घराघरांवर आठवड्याने येते. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. आमच्या घरावर पाटी होती तेव्हा मी झाडू घेतला, तेथे आमची ओळख झाली. दर रविवारी दुपारी या आजीबाई चांगला पोशाख करून, हाती केकचा पुठ्ठ्याचा डबा घेऊन बाहेर पडत. त्यांची धाकटी बहीण एसलिंगेन या शेजारच्या गावी राहते. शहरी रेल्वेने वीस मिनिटांची वाट. पती वारल्यापासून एकही रविवार चुकविला नाही, असे त्या म्हणाल्या. सूनबाई दुभाषाचे काम करीत होत्या. मग आजीबाईंनी सहज विचारले, "आपल्याला बहीण आहे काय? किती दूर राहते?"

मला उत्तर सुचेना. सूनबाई माझ्या तोंडाकडे पाहू लागल्या. त्यांना सर्व ठाऊक होते.

माझी थोरली बहीण लांजीकडे दिलेली आहे. आम्ही सारे तिला बाई म्हणतो. वाघ नदी ओलांडली की पलीकडे बालाघाट जिल्हा. १९५६ पूर्वी भंडारा आणि बालाघाट एकाच प्रांतात होते. त्यानंतर सीमा आली, एका समाजाची माणसे दोन राज्यांत वाटली गेली, पण लेकी देणे-घेणे थांबले नाही. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला वडिलांबरोबर बंडीत बसून मी तिला आणावयास गेलो होतो. बंडीखाली कंदील लोंबत होता, नदीच्या पाण्यात बैल थबकले, आणि वडील खाली उतरून गुडघाभर पाण्यातून त्यांना ओढीत होते, हे दृश्य आजही डोळ्यांपुढे आहे. जाण्यास एक दिवस, येण्यास एक दिवस. आता मोटारसायकलने फार तर दीड तास लागतो. आणि त्या दीड तासाच्या वाटेवर मी तीन वर्षे पाऊल टाकलेले नव्हते.

कारण काय? तर भाच्याच्या लग्नात मामाचा मान मला आधी न देता दुसऱ्यास दिला गेला. फेटा कोणाच्या डोक्यावर अगोदर बांधला, एवढीच गोष्ट. मी जेवण न करता उठून आलो. बाईने दोनदा निरोप पाठविला, मी गेलो नाही. पुढे तीही बोलावीनाशी झाली. शाळेत मुलांची भांडणे मिटविण्यात माझा हातखंडा होता, असे लोक म्हणत.

आजीबाईंना मी एवढेच सांगितले की, बहीण आहे, जवळच राहते. त्या म्हणाल्या, "मग आपण फार भाग्यवान." आणि केकचा डबा सांभाळीत गेल्या.

त्या रात्री मी मुलाकडून लांजीस दूरध्वनी लावून घेतला. तिकडे मध्यरात्र उलटत आली होती, हे माझ्या ध्यानातच आले नाही. बाई घाबरून उठली. कोणाचे काय झाले असे तिला वाटले. मी म्हणालो, "काही झाले नाही. मी बोलतो आहे." ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "जेवलास का?"

जुलैअखेर मी परत आलो. ३० ऑगस्टला राखीपौर्णिमा होती. त्या दिवशी लांजीस गेलो. तिला आता एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. तीन वर्षांपूर्वी दिसत होते. माझ्या मनगटावर राखी बांधताना गाठ तिला दोनदा चाचपावी लागली. बांधून झाल्यावर म्हणाली, "बिरसीहून लांजीला यायला तुला जर्मनीवरून यावे लागले. फार लांबची वाट धरलीस, मास्तर." घरातील सारे हसले, मीही हसलो.

तेव्हापासून आमच्या घरी भिंतीवर एक दिनदर्शिका आहे. महिन्यातील दुसरा शनिवार बाईचा. चौथा माझ्या सासुरवाडीचा. मधल्या दिवसांत गोरेगाव, तिरोडा, बालाघाट येथील मंडळी. न सांगता जाण्याची जुनी पद्धत मीच सोडली. कारण तिकडेही मुले नोकरीस जातात, सुना शाळेत शिकवितात. अवचित दारात उभे राहून त्यांचा दिवस मोडण्यात कसले मोठेपण? बाईची मात्र एक तक्रार आहे. मी रात्री मुक्काम करीत नाही, हे तिला खपत नाही. पाहुणा म्हणजे आठ दिवस, असे तिचे गणित अजून कायम आहे.

स्वागताध्यक्षांनी सर्व वक्त्यांस भोजनास थांबण्याची आग्रहाची विनंती केली आहे. त्यांचा मी अत्यंत ऋणी आहे. परंतु आज महिन्याचा दुसरा शनिवार आहे आणि बाईने वडे तळावयास घेतले असतील. तेव्हा मला रजा द्यावी.