बोलतं करणारं यंत्र आणि ऐकणारा माणूस

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त नायगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजचा विषय मी निवडलेला नाही. विहाराच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या चार-पाच मुलामुलींनी तो मला दिला. ही मुलं संगणक शिकलेली आहेत, नोकरीला लागलेली आहेत आणि सुटीच्या दिवशी विहारात येतात. त्यांचा प्रश्न असा आहे : माणसं एकमेकांशी मनातलं, खोलवरचं बोलतील असं एखादं मोबाइलवरचं ॲप तयार करता येईल का? आणि करायचं झालं तर ते कसं असावं? हे ऐकून आपल्यातलेच एक ज्येष्ठ गृहस्थ मघाशी म्हणाले, "ज्या मोबाइलनं घरातलं बोलणं बंद पाडलं, त्याच्याकडेच औषध मागता होय?" आपण सगळे हसलो. पण मुलांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो आजच का पडला, ते आधी पाहू.

आपल्या नायगावात बी.डी.डी.च्या ४२ चाळी. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या दशकात बांधलेल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. आता पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळायचं आहे. वरळीत १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती किल्ल्या पडल्या. शंभर वर्षं शौचालयासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला स्वतःच्या घरात न्हाणीघर मिळतं, याचा आनंद ज्याने ती रांग लावली त्यालाच कळेल. टॉवरला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही.

तरी सगळे म्हणतात, चाळीत माणसं बोलायची, टॉवरमध्ये बोलणं संपणार. याबाबत मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. चाळीत बोलणं भरपूर होतं, यात शंका नाही. नळावर, गॅलरीत, जिन्यात, भजनाला, क्रिकेटला. कुणाकडे काय शिजलं, कुणाला कुणी मागणी घातली, सगळं सगळ्यांना ठाऊक. पण मनातलं किती जण बोलत होते? एका खोलीत दहा माणसं. सुनेला रडायचं झालं तर ती मोरीत नळ सोडून रडायची. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. कोहिनूर, गोल्ड मोहर, स्प्रिंग या आपल्या आजूबाजूच्या गिरण्या. संपाबद्दल गॅलरीत रात्र-रात्र चर्चा झाल्या, दत्ता सामंतांच्या सभांबद्दल झाल्या. पण घरात बसलेल्या बापाला आतून काय वाटत होतं, हे किती मुलांना कळलं? जवळ राहणं निराळं आणि मन उघडणं निराळं. चाळीनं आपल्याला शेजार दिला, एकांत दिला नाही. टॉवर एकांत देईल, शेजार टिकवणं मात्र आपल्यावर सोडेल. म्हणून मुलांचा प्रश्न योग्य वेळी आला आहे.

आता खोल संभाषण म्हणजे काय? निब्बाण, राजकारण, संविधान असे मोठे शब्द आले म्हणजे बोलणं खोल झालं, असं नव्हे. तासभर वाद घालूनही दोघं जिथल्या तिथं राहू शकतात. माझ्या मते साधी खूण अशी : बोलणाऱ्याने काहीतरी पणाला लावलेलं असतं, आणि समोरचा काय उत्तर देईल हे त्याला आधी माहीत नसतं. "जेवलास का?" यात काही पणाला नाही. पण आजीनं नातवाला विचारलं, "तुझ्या ऑफिसात आडनाव विचारतात तेव्हा तू काय सांगतोस?", तर तिथे दोघांचंही काहीतरी पणाला लागतं.

असं बोलायला माणूस कचरतो. यावर अमेरिकेत मानसशास्त्राचे प्रयोग झाले आहेत. २०२१ साली कार्डास, कुमार आणि एप्ली या संशोधकांनी दाखवलं, की अनोळखी माणसाशी मनातलं बोलताना फार अवघडल्यासारखं होईल असं लोकांना आधी वाटतं, प्रत्यक्षात तेवढं अवघड जात नाही. समोरच्याला आपल्या बोलण्याची जेवढी आस्था असते, तेवढी ती असेल असं आपण धरतच नाही. त्याआधी १९९७ साली आर्थर ॲरन यांनी ३६ प्रश्नांची एक यादी वापरली. प्रश्नांचे तीन गट. पहिला सोपा, दुसरा जरा आतला, तिसरा त्याहून आतला. दोन अनोळखी माणसांनी पाऊण तास आळीपाळीने उत्तरं द्यायची. शेवटी त्यांच्यात जवळीक वाढलेली दिसली. यातून मुलांनी दोन गोष्टी घ्याव्यात. प्रश्नांना जिन्यासारख्या पायऱ्या असाव्यात, आणि उत्तर दोघांनीही द्यावं. एक विचारणारा आणि एक सांगणारा असं झालं की ती पोलीस चौकशी होते.

पण मंडळी, अमेरिकेपर्यंत जायच्या आधी आपल्या पायाखालची जमीन पाहा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. मनात आणलं असतं तर दुसऱ्या दिवशी हुकूम काढता आला असता. त्यांनी परिषद भरवली. मुंबई इलाखा महार परिषद, ३० आणि ३१ मे १९३६, आणि ती इथे, याच नायगावात. "मुक्ती कोन पथे?" हे भाषण त्यांनी इथे केलं. धर्मांतर का करायचं, त्याने काय मिळेल, काय सुटेल, लोकांच्या मनात कोणत्या शंका येतील, हे सगळं त्यांनी एकेक करून मांडलं. भाषणाच्या शेवटी त्यांनी बुद्धाचा अखेरचा उपदेश सांगितला, स्वतःच स्वतःचा दीप होण्याचा, आणि निर्णय लोकांच्या विचारावर सोपवला. परिषदेने धर्मांतराच्या बाजूने ठराव केला. त्यानंतर १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत वीस वर्षं गेली. भाषणाच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह आहे, हे लक्षात घ्या. आपल्या लोकांशी झालेलं ते वीस वर्षांचं संभाषण होतं. आजचं यंत्र तर दोन निळ्या रेघा दिसल्या की "उत्तर का दिलं नाहीस?" असं विचारायला लावतं.

भगवान बुद्धांच्या परंपरेत बोलण्याची व्यवस्था फार बारकाईनं लावलेली आहे. ॲप बनवणाऱ्या मुलांनी ती नीट अभ्यासावी. मी तीनच गोष्टी सांगतो.

पहिली, अंगुत्तर निकायात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. काहींना सरळ उत्तर द्यावं, काहींची फोड करून द्यावं, काहींना उलट प्रश्न विचारावा आणि काही प्रश्न बाजूला ठेवावेत. म्हणजे आपल्या ॲपमध्ये "हा प्रश्न आज नको" असं म्हणण्याची सोय पाहिजे, आणि तसं म्हटल्याबद्दल कुणी कारण विचारता कामा नये.

दुसरी, मिलिंद राजा आणि नागसेन. संवाद सुरू होण्यापूर्वी नागसेनांनी अट घातली, की राजा पंडितांसारखा बोलणार असेल तर बोलू, राजासारखा बोलणार असेल तर नाही. पंडित चूक दाखवली तरी रागावत नाही, राजा मात्र विरोध करणाऱ्याला दंड करतो. आपल्या घराघरात एकेक राजा बसलेला असतो. कुठे बाप, कुठे सासू, आणि हल्ली पगार आणणारा मुलगासुद्धा. ती खुर्ची रिकामी केल्याशिवाय पहिला प्रश्न उघडूच नये.

तिसरी, पवारणा. वर्षावास संपला की प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो, की माझ्याकडून घडलेलं काही तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तशी शंका आली असेल तर मला सांगा. आणि सुरुवात ज्येष्ठ भिक्खूपासून होते! आपल्याकडे मात्र बाप मुलाला म्हणतो, "मोकळेपणानं बोल," आणि स्वतः गप्प बसतो. तेव्हा मुलांनो, ॲपमध्ये नियम करा. वयाने मोठा असेल त्याने आधी उत्तर द्यायचं.

आता यंत्राचा धोका. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा संगणकाचा कार्यक्रम लिहिला. तुम्ही लिहिलेलं वाक्य उलटवून तो तुम्हालाच प्रश्न विचारायचा, बाकी त्याला काही कळत नव्हतं. तरी वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरी बाई त्याच्याशी "बोलायला" लागल्या आणि त्यांनी साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. तो कार्यक्रम तयार होताना त्यांनी स्वतः पाहिलेला होता, तरी! आजची यंत्रं तर गोड मराठीतून उत्तर देतात. रात्री दोन वाजता पोरगी त्यांना मन सांगते, कारण यंत्र कंटाळत नाही, रागवत नाही, चाळभर करत नाही. तिला दोष देऊ नका. पण यंत्राचं त्यात काही पणाला लागत नाही. आजारपणात ते डबा घेऊन येणार नाही. म्हणून आपल्या ॲपने स्वतः उत्तर देऊ नये. प्रश्न हातात द्यावा आणि बाजूला व्हावं.

दुसरा धोका धंद्याचा. बाजारातली बहुतेक ॲपं माणूस जितका वेळ पडद्याला चिकटेल तितकी कमावतात. आपलं ॲप यशस्वी झालं कधी म्हणायचं? फोन पालथा ठेवून दोघं बोलत बसले तेव्हा. म्हणजे यश मोजण्याची फूटपट्टीच उलटी. अंगठे नकोत, आकडे नकोत, "या आठवड्यात सर्वांत जास्त बोललेलं कुटुंब" असलं काही तर अजिबात नको.

माणूस आधी आणि फोन नंतर, असं काम झालेलं आहे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत "आत्मीयता" नावाचा प्रकल्प चालवला. गावातल्याच माणसांना ऐकून घेण्याचं शिक्षण दिलं. कुणी खचलेलं दिसलं की हे कार्यकर्ते चार-सहा वेळा त्याच्याजवळ बसत. त्यांच्या फोनमध्ये मराठीतल्या छोट्या फिल्मा होत्या. फिल्म दाखवायची आणि मग बोलायचं. फोन फक्त विषय काढायचा. पुढे हे काम गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात गेलं. आफ्रिकेत झिंबाब्वे देशात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्याबाहेरच्या बाकावर वस्तीतल्या आज्यांना बसवलं. त्यांच्या भाषेत अशा दुखण्याला "फार विचार करणं" असं म्हणतात. आपल्या आयाबायाही तेच म्हणतात, "लई विचार करते ती." शिकवलेली आजी आणि एक बाक, एवढंच भांडवल. बाक तर आपल्याकडेही आहेत.

आपल्या मुलांनीही ॲपचा एक शब्द लिहिण्याआधी पुठ्ठ्याची कार्डं केली. वर्षावासात ग्रंथवाचनानंतर दोघा-दोघांना एकेक कार्ड दिलं. त्यातला एक प्रसंग दोघांची परवानगी घेऊन, नाव न घेता सांगतो. कार्डावर प्रश्न होता, "घरात कुणालाही कळू न देता तू काय केलंस?" नियमाप्रमाणे आजी आधी बोलली. संपाच्या साली तिनं डोरलं गहाण टाकलं होतं आणि नवऱ्याला सांगितलं होतं, की गर्दीत तुटून पडलं. नवरा वारला, तरी त्याला खरं कळलं नाही. चाळीस वर्षांत ती हे कुणाला बोलली नव्हती. नातू बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजी, माझी नोकरी जाऊन दोन महिने झाले. मी रोज डबा घेऊन निघतो आणि बागेत बसतो." आजीनं उपदेश केला नाही. तिनं एवढंच विचारलं, "आणि डबा तरी खातोस का?" कार्डानं काय केलं? फक्त सुरुवात करून दिली. पुढचं आजीनं केलं.

म्हणून माझ्या सूचना थोडक्यात ऐका. आठवड्याला एकच प्रश्न, आपल्या बोलीत, पुस्तकी नको. प्रश्न आवाजात ऐकू यावा, कारण सगळ्या आज्यांना वाचता येत नाही. बोलणं ध्वनिमुद्रित करायचं तर दोघांच्या संमतीने, आणि ते त्यांच्याच फोनमध्ये राहावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती सांगितली आहे, ती वाट सोडू नका. आणि जिवाच्या गोष्टीत हयगय नको. कुणी "जगावंसं वाटत नाही" म्हणालं तर त्याला एकटं सोडायचं नाही. टेली-मानस ही शासनाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक पहिल्याच पडद्यावर ठळक असावा, आणि विहाराच्या फलकावरही असावा.

शेवटची सूचना विहाराच्या समितीला. ॲप मुलं करतील, ऐकणारी माणसं मात्र आपल्याला तयार करावी लागतील. दर मजल्यावर दोन, बाया आणि पुरुष दोन्ही. ऐकलेलं तिसऱ्याला न सांगणारी, मध्येच "आमच्या वेळी असं होतं" न म्हणणारी. त्यांचं शिक्षण याच सभागृहात सुरू करा. टॉवरमध्ये गेल्यावर सुरू करू म्हणाल तर उशीर होईल, कारण तेव्हा कुणाचं दार कुठे आहे हे शोधण्यातच वर्ष जाईल. संप पाहिलेल्या आज्या-आजोबांच्या पोटातलं अजून कुणी विचारलेलं नाही, आणि ती पिढी थांबणार नाही. येत्या रविवारी मुलं कार्डं घेऊन इथे बसणार आहेत. प्रत्येकाने घरातलं एक माणूस सोबत आणावं, शक्यतो ज्याच्याशी बोलणं कमी झालं आहे ते.