शिबिराचा हिशेब गावाला द्या
(चाकण येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भावाचा विषय झाला, जमिनीचा झाला. मी दुखण्याचा विषय मांडणार आहे. उत्पादन खर्च काढताना आपण बियाणे, खत, मजुरी, पंपाचे वीजबिल सगळे धरतो. दवाखान्याचे बिल कोणी धरत नाही. पुष्कळ घरांत कर्जाची सुरुवात मात्र तिथूनच होते.

आता पाहा. पिंपरीला १९९६ पासून डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आहे. आज ते अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात डॉक्टर पदव्युत्तर शिक्षण घेतात. राज्यातील बहुतेक वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी महाविद्यालये १९९८ साली नाशिकला स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. म्हणजे उद्याचे डॉक्टर आपल्या बांधाला लागूनच शिकताहेत. राष्ट्रीय सेवा योजनेतून ही मुले गावात येतात. शिबिर भरते, फोटो निघतो, अहवाल जातो, बक्षीस मिळते. मुले हुशार आहेत, कष्टाळू आहेत. त्यांच्या पदकांचा मला आनंदच आहे. प्रश्न एवढाच, की गावाच्या पदरात काय पडले?

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी स्वतःचे सांगतो. मी शेतकी पदवीधर. शेवटच्या वर्षी आम्हाला कृषिदूत म्हणून एका गावात पाठवले होते. पंधरा शेतकऱ्यांच्या रानातली माती काढली, तपासली, तक्ते केले. अहवालाला चांगले गुण पडले. आठ वर्षांनी चळवळीच्या कामासाठी त्याच गावात गेलो. एका म्हातारबांनी ओळखले आणि विचारले, "काय रं पोरा, आमच्या मातीचं काय निघालं मग?" माझ्याकडे उत्तर नव्हते. माती म्हातारबांची, गुण माझे, आणि तक्ते कॉलेजच्या कपाटात!

आरोग्य शिबिरांचे बऱ्याच ठिकाणी असेच होते. माझ्या चुलत्यांचा रक्तदाब एका शिबिरात वाढलेला निघाला. हातात चिठ्ठी दिली, "मोठ्या दवाखान्यात दाखवा." चिठ्ठी देव्हाऱ्यामागे गेली. पुन्हा विचारायला कोणी आले नाही, आम्हीही गेलो नाही. दोन वर्षांनी डावी बाजू गेली. उपचारात दोन एकर कांद्याचे पैसे गेले. शिबिर खोटे नव्हते, निदान बरोबर होते. दुसरी फेरी झाली नाही, एवढीच चूक. पेरणी करून खुरपणीला न जाणाऱ्याला आपण शेतकरी म्हणतो का?

दुसरी फेरी करणारे आपल्याच राज्यात आहेत. वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. नाशिकच्या विद्यापीठालाच जोडलेली. तिथे पहिल्या वर्षाची तुकडी एक गाव निवडते आणि पंधरा दिवस गावातच मुक्काम करते. प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे असतात. शिबिर उठले तरी त्याने त्याच घरी जात राहायचे.

वर्धा लांब वाटत असेल, तर आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला जाऊन या. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात तिथे काम उभे केले. त्यांना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून त्या भागातील २२ गावांत जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची घरोघरी नोंद घेण्याचे काम सुरू झाले. नोंद असली की दुखणे नजरेतून सुटत नाही.

नोंदीची ताकद काय असते? डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात गेले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम लिहून ठेवला. त्यातून प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त औषधाचा उपाय सापडला. गंभीर दंशात शंभरात चाळीसेक दगावत; ते प्रमाण एकाच्या आसपास आले. जगातल्या नामांकित 'लॅन्सेट' साप्ताहिकाने हे संशोधन छापले. याला मी यश म्हणतो. विद्येचेही आणि गावाचेही!

२०२२ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक घेण्याची योजना आली आहे. चांगले आहे. पण आपल्याकडे दत्तक घेतला, की सातबाऱ्यावर नाव लागते. नुसत्या वहीत नाव घालून दत्तक होत नाही.

म्हणून तीन मागण्या ठरावात घ्या. पहिली, शिबिराची वेळ गाव ठरवील. सकाळी अकराला बायका कांदा काढायला गेलेल्या असतात, महाळुंगे-निघोजेच्या खोल्यांतला कामगार एक तर पाळीवर असतो, नाही तर रात्रपाळी करून झोपलेला. त्यांतली कितीतरी कोरडवाहू शेतकऱ्यांचीच पोरे आहेत. त्यांना वगळू नका. दुसरी, तपासणीत काय निघाले ते नावे न घेता ग्रामसभेत वाचून दाखवा. तिसरी, ज्यांच्यात दोष निघाला त्यांच्याकडे कोण आणि कोणत्या तारखेला येणार, हे शिबिर उठण्याआधी फळ्यावर लिहा.

आणि आपल्यालाही एक काम आहे. हार, नारळ आणि जेवणावळीत आपण हात आखडता घेत नाही. त्याऐवजी दोन माणसे द्या, आशाताईंबरोबर घरोघरी हिंडतील अशी. घरमालकांनी खोल्यांची यादी द्यावी.

१९८० साली याच चाकणने कांद्याच्या भावाचा हिशेब मागितला होता. आता दुखण्याचा हिशेब मागू. भांडून नव्हे, त्या पोरांना शेजारी बसवून. आपल्या म्हातारबांना उत्तर देता येईल, असा डॉक्टर घडवणे हेही आपलेच काम आहे.