पिटुनियाचं झुडूप: फूल मोठं हवं की झाड भरगच्च?



गेल्या काही दिवसांत तुमचे जे प्रश्न आले, त्यात एकच नाव पुन्हा पुन्हा होतं: 'बुश पिटुनिया'. कुणाला ते नर्सरीतल्या पाटीवर दिसलं, कुणाला ऑनलाइन मागवलेल्या बियांच्या पाकिटावर. सगळ्यांचं म्हणणं साधारण सारखंच. झाड लांबट, फाटकं न होता गोल, भरगच्च झुडूप व्हावं आणि फुलांनी झाकून जावं. तेव्हा आज तेवढाच विषय घेऊ.

मी बोलते आहे जबलपूरहून, म्हणून तारखा इथल्या आहेत. नागपूर-अमरावतीला त्या जवळपास तशाच चालतील. मुंबई-कोकणात थंडी उशिरा येते, तिथल्यांनी दोन-तीन आठवडे पुढे धरावं.

आधी नावाचा घोळ निस्तरू, कारण पैसे तिथेच जातात. 'बुश पिटुनिया' म्हणून दोन अगदी वेगळी झाडं विकली जातात. एक खरा पिटुनिया. दुसरा रुएलिया, ज्याला नर्सरीवाले मेक्सिकन पिटुनिया म्हणतात. जांभळ्या कर्ण्यासारखी फुलं दोघांनाही येतात, नातं मात्र काहीच नाही. पिटुनिया टोमॅटो, बटाटा, वांगी आणि तंबाखूच्या कुळातला. रुएलिया आपल्या अबोली, कोरांटी, अडुळशाच्या कुळातला. ओळखायचं कसं? पान दोन बोटांत धरून चोळा. खऱ्या पिटुनियाचं पान मऊ, लवदार असतं आणि बोटाला चिकट लागतं. रुएलियाचं पान चिकटत नाही, ते लांब आणि अरुंद असतं, आणि त्याची खोडं गडद, कडक असतात. फूल नसतानाही ही खूण चुकत नाही.

रुएलियाकडे शेवटी येते. आता खरा पिटुनिया.

हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तिथल्या लोकांच्या भाषेत तंबाखूला 'पेटुन' म्हणत, त्यावरून 1803 मध्ये जुसिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने झाडाला नाव दिलं. पुढे 1830 च्या दशकात युरोपात तिथल्या दोन रानटी जातींचा संकर झाला. एक पांढऱ्या फुलाची, संध्याकाळी सुवास सोडणारी, निशाचर पतंगांना बोलावणारी. दुसरी जांभळी, दिवसा मधमाश्यांवर जगणारी. आपल्या कुंडीत आज जे काही आहे, ते या दोघांचं गोत्र. म्हणून वास हवा असेल तर पांढरा किंवा गडद जांभळा घ्या. लाल-गुलाबीत तो बहुधा मिळत नाही.

आता निवड. बाजारातल्या पिटुनियाचे मुख्य प्रकार फुलाच्या आकारावरून पडतात. ग्रँडिफ्लोराचं फूल आठ-दहा सेंटीमीटर, तळहाताएवढं. मल्टिफ्लोराचं चार-पाच सेंटीमीटर, पण संख्येने कितीतरी जास्त. या दोघांच्या मधला फ्लोरिबंडा. त्याहून लहान मिलिफ्लोरा, दोन-तीन सेंटीमीटरचा, छोट्या कुंडीसाठी छान. आणि पसरणारे प्रकार. यातले दोन प्रसिद्ध प्रकार जपानी पेयकंपन्यांनी आणले, हे मला फार गमतीचं वाटतं: सर्फिनिया सनटोरीने, आणि वेव्ह हा किरिन या बीअर कंपनीतून आला. पसरणारे प्रकार टांगत्या कुंडीत शोभतात. पण तुम्ही झुडूप मागताय, तर ते सोडा.

झुडूप हवं असेल तर मल्टिफ्लोरा घ्या. माझं मत इतकं सरळ आहे, आणि त्याचं कारण आपलं हवामान.

राइट टाउनमधल्या एका काकूंचा मोठा निरोप आला होता. सासूबाईंच्या पंचाहत्तरीसाठी त्यांनी अंगणात चाळीस रोपं लावली, सगळी मोठ्या फुलांची. जानेवारीत बाग अशी बहरली की रस्त्याने जाणारे थांबायचे. आणि कार्यक्रमाच्या चार दिवस आधी मावठा आला. दोन दिवस रिपरिप, मग धुकं. फुलं ओल्या कागदासारखी झाडालाच चिकटली, त्यावर करडी बुरशी चढली, फांद्या कुजल्या. काकूंनी शेवटी लिहिलं होतं, 'माझ्या हातालाच गुण नाही.' आता त्यांनी बाग बंद करायचं ठरवलंय.

काकू, ऐकत असाल तर सांगते, हाताचा काही संबंध नाही. पश्चिमेकडून येणारे वारे महाकोशलात डिसेंबर ते फेब्रुवारीत कधीतरी पाऊस आणतातच, कधी गाराही. मोठ्या फुलाची पाकळी पातळ आणि पसरट, तिच्यात पाणी साठतं आणि ती फाटते. मग मेलेलं फूल ओल धरून बुरशीला घर देतं. दुहेरी पाकळ्यांच्या फुलांचं तर याहून वाईट. मल्टिफ्लोरालाही पाऊस झोडपतोच, पण लहान फूल पाणी लवकर झटकतं, आणि चार-पाच दिवस ऊन पडलं की खालच्या कळ्या उमलून झाड पुन्हा भरतं. म्हणून कार्यक्रमासाठी बाग हवी असेल तर मल्टिफ्लोरा अंगणात लावा, आणि मोठ्या फुलाची हौस दोन-तीन कुंड्यांत भागवा, ज्या पाऊस आला की उचलून व्हरांड्यात नेता येतील. आणि हो, पाऊस थांबल्याबरोबर अर्धा तास बसून भिजलेली फुलं खुडून टाका. औषधाच्या आधी हे.

रोपं विकत घेणार असाल तर नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात घ्या. फुललेलं रोप घेऊ नका, हे सांगून मी थकले आहे. रंग बघायला म्हणून फुललेलंच उचललं जातं. पण इवल्याशा पिशवीत फुललेल्या रोपाची मुळं गुंडाळली गेलेली असतात आणि फांद्या फुटायचं वय सरलेलं असतं. बुटकं, बुडापासून दोन-तीन फुटवे आलेलं, कळी नसलेलं रोप मागा. रंगासाठी नर्सरीवाल्याच्या शब्दावर विसंबावं लागतं, ते खरं.

बी पेरायचं असेल तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पिटुनियाचं बी धुळीसारखं असतं, एका ग्रॅममध्ये साधारण दहा हजार. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून वर माती टाकायची नाही. बारीक कोरड्या रेतीत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरायचं आणि हलकेच दाबायचं. पाणी वरून घातलं तर बी वाहून जातं, म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा, खालून ओल चढू द्या. वर पारदर्शक प्लास्टिक, थेट ऊन नाही. सात ते दहा दिवसांत हिरवी लव दिसते. लव दिसली की प्लास्टिक काढा, नाहीतर रोपं बुडातून कोलमडतात. गोळीबंद बी मिळालं तर पेरायला सोपं, पण पहिल्या दिवशी ते पुरतं ओलं करा, नाहीतर वरचं कवच विरघळत नाही. तीन-चार पानांवर रोप वेगळं लावा. पेरल्यापासून फुलापर्यंत तीन महिने धरा.

गेल्या वर्षीच्या झाडाचं बी चालेल का, हा नेहमीचा प्रश्न. उगवेल. पण बाजारातला बहुतेक पिटुनिया संकरित पहिल्या पिढीचा असतो, त्याचं बी आईसारखं निघत नाही. उंच, ढगळ झाडं, फिकट जांभळी-पांढरी फुलं, म्हणजे आजी-आजोबांकडे परत. मला ती आवडतात, संध्याकाळी वासही येतो. झुडूप मात्र मिळणार नाही. आणि निळ्या-हिरव्या इंद्रधनुषी फुलांचे फोटो असलेली पाकिटं घेऊ नका, तसा पिटुनिया नसतो.

आता माती. जबलपूरच्या बऱ्याच भागांत काळी माती. तिच्यात गहू-हरभरा सोन्यासारखा येतो, पण कुंडीत ती एकटी भरली तर ओली असताना चिखल आणि वाळली की वीट. पिटुनियाची मुळं बारीक, त्यांना हवा लागते. मी दोन भाग माती, एक भाग मुरलेलं शेणखत किंवा पानांचं खत, एक भाग धुतलेली जाडी रेती आणि मूठभर निंबोळी पेंड घेते. वाफा असेल तर जमिनीपासून वीतभर उंच करा. दोन रोपांत एक फूट अंतर. आठ इंची कुंडीत एक रोप, बारा इंचीत तीन.

काळ्या मातीची दुसरी अडचण डोळ्यांना दिसते, पण कळत नाही. ती अल्कधर्मी असते, आणि बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. अशा मातीत लोह असूनही पिटुनियाला ते घेता येत नाही. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. लोक खत कमी पडलं समजून युरिया टाकतात आणि झाड अजून बिघडतं. यावर चिलेटेड लोह पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात द्या. साठवलेलं पावसाचं किंवा नळाचं पाणी असेल तर या झाडांसाठी राखून ठेवा. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर गोष्ट वेगळी, तिथे बहुतेक वेळा पाणी जास्त होतंय. बोट पेराएवढं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या, सकाळी, बुडाशी.

झुडूप करणं म्हणजे मुख्यतः शेंडा खुडणं. रोप दहा-बारा सेंटीमीटर झालं, सहा-सात पानं झाली की शेंडा नखाने काढा. मन होत नाही, ठाऊक आहे. पण एक शेंडा गेला की बगलेतून चार येतात. दोन आठवड्यांनी त्यांचेही खुडा. फुलं पंधरा-वीस दिवस लांबतात, एवढंच नुकसान.

इथे निसर्गही आपल्या बाजूने आहे. पिटुनिया दिवसाच्या लांबीकडे बघतो. दिवस मोठा असला की उंच होऊन लवकर फुलतो. दिवस लहान आणि हवा गार असली की बुडातून फांद्या फोडत बसतो. कर्कवृत्त आपल्या अगदी जवळून, थोडं उत्तरेकडून जातं. डिसेंबरात आपला दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास असतो. त्यामुळे डिसेंबरात झाड थांबल्यासारखं वाटतं आणि मला निरोप येतात, 'ताई, फुलंच नाहीत, खत कोणतं घालू?' काही घालू नका, ते झुडूप होतंय. नियमित खत पंधरा दिवसांतून एकदा पुरे. 19:19:19 असेल तर लिटरला एक-दोन ग्रॅम, नाहीतर आठवडाभर भिजवलेल्या मोहरीच्या खलीचं पाणी दहापट पातळ करून. ऊन मात्र पाच-सहा तास हवंच. त्यावर उपाय नाही.

जानेवारीच्या शेवटी पहिला बहर ओसरला की धीर करून एक तृतीयांश झाड छाटा. फेब्रुवारी-मार्चचा दुसरा बहर पहिल्याहून दाट येतो. सुकलेलं फूल काढताना फक्त पाकळी ओढू नका, मागचा हिरवा देठही खुडा, नाहीतर आत बी धरतं आणि झाड फुलायचं थांबतं.

रोगांमध्ये एकच गोष्ट आवर्जून सांगते. आपल्याकडे बिडीचा धंदा मोठा, तंबाखू मळणारेही घरोघरी. तंबाखूच्या पानातला मोझॅक विषाणू सुक्या तंबाखूतही टिकतो आणि हाताने पिटुनियावर येतो. पानांवर फिकट-गडद हिरवे पट्टे आणि सुरकुत्या दिसतात. त्याला औषध नाही, झाड उपटून टाकावं लागतं. तेव्हा माळीबुवा असोत की घरातले काका, शेंडे खुडण्याआधी साबणाने हात धुवायला सांगा. राग आला तर माझं नाव सांगा.

एप्रिल लागला की पिटुनिया पिवळा पडेल, चिकट होईल, मान टाकेल. बेचाळीस अंशांच्या मे महिन्यासाठी तो बनलेला नाही. त्याला सावलीत नेऊन, पाणी शिंपडून वाचवत बसू नका. तो गेला म्हणजे तुमचं काही चुकलं असं नाही, त्याचा हंगाम संपला. उपटा, खतात टाका. फक्त मोझॅकचं झाड खतात नको. आणि त्याच कुंडीत लगेच टोमॅटो-वांगी लावू नका, एकाच कुळातली आहेत.

राहिला रुएलिया. उन्हाळ्यात जांभळं फूल हवं असेल तर हा घ्या, भर मे महिन्यातही पाणी मिळालं तर फुलतो. एकेक फूल एक दिवसाचं, पण रोज नवीन. बुटका प्रकार मागा, त्याचं झुडूप फुटाच्या आत राहतं. मात्र हा मोकळ्या जमिनीत लावू नका. जमिनीखालून पसरतो, आणि वाळलेल्या शेंगा ओल्या झाल्या की फटकन फुटून बी दूर उडवतात. अमेरिकेत फ्लोरिडात हा आक्रमक तण म्हणून नोंदवला गेला आहे. नाल्याकाठी, नर्मदेकडे उतरणाऱ्या ओढ्याजवळ घर असेल तर मी कुंडीतसुद्धा लावणार नाही.

पुढच्या भागात शेवंतीची छाटणी. ज्यांच्याकडे जुन्या शेवंतीचे फुटवे आहेत, त्यांनी तोवर ते उपटू नका.