एका घरातल्या दोन श्रद्धा

(मासिक सभेत केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



आजचा विषय आहे 'श्रद्धा, विवाह आणि मनाचं स्वास्थ्य'. मी प्रयोगशाळेत काम करणारी बाई, शिवाय नास्तिक. तेव्हा प्रवचन न करता मी एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाची आणि त्यांच्या पत्नीची हकिकत सांगणार आहे. दोघंही आपल्या ओळखीचे आहेत: रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक.

'फुलामुलांचे कवी' म्हणून टिळकांना आपण शाळेत भेटलो. कोकणातल्या चित्पावन घरात जन्म, संस्कृतचा व्यासंग, स्वभाव तापट आणि कमालीचा उदार. हातात पैसा आला की तो कुणा गरजवंताकडे जायचा आणि घरात लक्ष्मीबाई डबे धुंडाळत बसायच्या. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं.

लक्ष्मीबाई वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या. घर कमालीच्या सोवळ्याओवळ्याचं. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लिहा-वाचायला नवऱ्यानेच शिकवलेलं. पदरी लहान मुलगा. आणि आता नवरा जिवंत असून घर नाही, अशी अवस्था. पुढची चार-पाच वर्षं पती-पत्नींची ताटातूटच झाली. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण ठिकठिकाणी हसतो, पण या भागातलं हसू घशात अडकतं.

इथे कायद्याची एक गोष्ट लक्षात घ्या. १८६६ च्या कायद्यानुसार ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार धर्मांतरामुळे सहा महिने नांदायला आला नाही, तर त्याला कोर्टाकडून विवाहविच्छेद मागता येत असे. टिळकांना तो मार्ग खुला होता, पण ते त्या वाटेला गेले नाहीत. ते वाट पाहत राहिले. पुढे दोघं अहमदनगरला एकत्र आली, तीही गमतीच्या अटींवर: नवरा ख्रिस्ती, बायको कडक सोवळ्यातली, आणि तिच्या अन्नपाण्याची व्यवस्था वेगळी.

लक्ष्मीबाईंचं मन बदललं ते येशूवरच्या व्याख्यानांनी नाही. सुरुवात झाली शिवाशिवीपासून. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि उत्तरही स्वतःच काढलं. माणसाने केली असेल तर मी ती का पाळायची? एकदा हे ठरल्यावर कुणाच्याही हातचं खायला त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. मला विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून ही बाई फार जवळची वाटते. निष्कर्ष तिने उसना घेतला नाही.

टिळकांना १९०४ साली धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. ते ज्या अमेरिकन मराठी मिशनचे, त्याची मूळ संस्था बॉस्टनची. पण टिळकांचं म्हणणं स्पष्ट होतं: ख्रिस्त हवा, साहेबी पेहरावातला नको. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोचलो हे ते मोकळेपणाने सांगत. त्यांनी चर्चमध्ये भजन आणि कीर्तन आणलं. त्यांची भक्तिगीतं मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. धर्मांतरापायी स्वतःचं घर पणाला लावलेला माणूस शेवटी बाप्तिस्म्याची अट बाजूला ठेवतो, ही मला त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. माझा तर्क असा की लक्ष्मीबाईंसाठी थांबलेल्या त्या वर्षांचा यात वाटा असावा. श्रद्धा दुसऱ्याच्या हातात ठेवता येत नाही, हे ते घरातच शिकले होते.

म्हणून टिळकांना सगळं माफ करावं असं मी म्हणत नाही. त्यांच्या सत्यशोधनाची किंमत बायकोने मोजली आणि तिला विचारलंही नाही. हे वाक्य मी पूर्वी फार तावातावाने म्हणत असे. अलीकडे आवाज जरा खाली आला आहे. त्याचं कारण सांगते.

या देशात आल्यावर आमच्या पहिल्या अपार्टमेंटमध्ये सामान लावताना सासूबाईंनी दिलेले देव मी एका खोक्यात घालून कपाटात वर ठेवून दिले. आपल्या घरात हे चालायचं नाही, असं मीच ठरवलं. निर्णय पुरोगामी होता, म्हणून तो नवऱ्याला विचारायची गरज मला वाटली नाही. तो काही बोलला नाही. ते माझ्या युक्तिवादाचं यश, असं मी धरून चालले. तेरा वर्षांनी, सासूबाई गेल्याचा फोन आला त्या रात्री, तो स्टुलावर चढून ते खोकं काढताना मला दिसला. त्या घरात टिळक मी होते आणि मुकाट सोसणारा तो होता.

आता देव एका छोट्या फळीवर आहेत. मी अजून हात जोडत नाही. तो जोडतो. मी त्याची चेष्टा करत नाही आणि तो मला आग्रह करत नाही. आमचे वाद संपलेले नाहीत, पण आता ते निदान उघडपणे होतात. मनाचं स्वास्थ्य म्हणजे दुसरं काय, हे मला तरी सांगता येणार नाही.

टिळक गेले ९ मे १९१९ रोजी. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. त्यांच्या हातून दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, शाळेत न गेलेल्या बाईने. नवऱ्याने ताटात वाढलेली श्रद्धा असती तर इतकं लिहिणं झालं असतं का?

आपल्यापैकी अनेकांची मुलं आता वेगळ्या धर्माचे, किंवा कुठलाच धर्म नसलेले जोडीदार घरी आणताहेत. आपण मोठ्या मनाने 'आमची हरकत नाही' म्हणतो. पण त्या घरात कुणाचं खोकं कपाटात वर जातं, याची चौकशी आपण करतो का? चहा घेताना यावर बोलू या. आणि ज्यांच्या घरी खोकं आहे त्यांनी आधी बोलावं, ही विनंती.