ताऱ्यांतील दुर्मिळ मृत्तिका



शाळेच्या ओसरीवर उभें राहून वर्गांतील पाढ्यांचा घोष ऐकला, तर आंत मुलें किती हें केवळ आवाजावरून सांगतां येत नाहीं. खड्या आवाजाचा एक विद्यार्थी दहांइतका भासतो. दहा पुटपुटणारे मात्र एकाइतकेही ऐकूं येत नाहींत. मीं जन्मभर शिक्षकी केली. हा माझा नित्याचा अनुभव. ज्योतिर्विदांपुढें नेमकी हीच अडचण असते.

ताऱ्याच्या वर्णपटांतील काळ्या रेषांवरून तेथें कोणतीं मूलद्रव्यें आहेत हें कळतें. पण त्यांचें प्रमाण किती? रेषेचा गडदपणा अणूंच्या संख्येवर जसा, तसाच तो रंग शोषण्याच्या अणूच्या अंगच्या शक्तीवरही अवलंबून असतो. लॅंथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतच्या, म्हणजे ५७ ते ७१ क्रमांकांच्या दुर्मिळ मृत्तिकांचे बहुतेक अणु सूर्यासारख्या ताऱ्यांत एक इलेक्ट्रॉन गमावून आयन झालेले असतात. आयन किती होतात, याचें गणित मेघनाद साहा यांनीं १९२० सालीं दिलें. परंतु प्रत्येक आयनाची शक्ति पृथ्वीवर प्रयोगशाळेंतच मोजली पाहिजे.

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत जेम्स लॉलर, एलिझाबेथ डेन हार्टॉग व त्यांचे सहकारी यांनीं हें काम वर्षानुवर्षें केलें. आयनांच्या झोतावर लेसर किरणाचा क्षणिक आघात करून त्यांस उद्दीपित करावयाचें, व त्यांची दीप्ति किती वेळांत मावळते तें मोजावयाचें. हा काळ बहुधा सेकंदाच्या कांहीं अब्जांशांचा! पण उद्दीपित आयन एकाच रंगाचा प्रकाश टाकीत नाहीं. कोणत्या रंगास किती वांटा, हें वर्णपटमापकानें निराळें मोजावें लागतें. वांट्यास दीप्तीच्या काळानें भागलें कीं रेषेचें बळ हातीं येतें. असें शेंकडों रेषांचें!

या श्रमाचें फळ २००९ सालीं दिसलें. ख्रिस स्नेडन यांनीं या मंडळींसह पांच अतिप्राचीन ताऱ्यांचा हिशेब नव्या मापांनीं पुन्हां मांडला. पूर्वीं ताऱ्याताऱ्यांत जी विषमता दिसे, ती बरीचशी नाहींशी झाली. न्यूट्रॉनांच्या जलद ग्रहणानें घडलेल्या या द्रव्यांचें परस्परप्रमाण पांचांतही जवळजवळ सारखें, आणि सूर्यांतील त्याच प्रकारच्या द्रव्यांशीं जुळणारें निघालें. म्हणजे दोष पुष्कळसा ताऱ्यांकडे नव्हता, आपल्या मापांत होता.

विद्यार्थ्याचें उत्तर जुळलें नाहीं, कीं आम्ही शिक्षक आधीं त्यालाच दोष देतों. आपली मोजपट्टी प्रथम तपासावी, हा धडा मला निवृत्तीनंतर ताऱ्यांनीं दिला. एवढें सांगून आपली रजा घेतों.